पुसल्याशिवाय दुसरा बार नाही

काथोडदादांनी नवी कवळी बसवली, त्याच आठवड्यात आम्ही त्यांना रविवारी दुपारी जेवायला बोलावलं होतं. त्यांनी भाकरीचा एक तुकडा मोडला, तोंडात घातला, सावकाश चावला, गिळला. मग मान वळवून कवळी काढली, खिशातल्या फडक्यानं पुसली, खिडकीच्या उजेडाकडे धरून आतून-बाहेरून पाहिली आणि परत बसवली. दुसरा तुकडा. पुन्हा काढली, पुन्हा पुसली. माझी बायको आमटीची पळी हातात घेऊन तशीच उभी राहिली. मुलगी पाणी आणायला म्हणून आत गेली ती परत आलीच नाही.

"दादा, टोचतेय का?" मी विचारलं.

"टोचत नाय. रुलवतंय." त्यांनी कवळी माझ्यासमोर धरली, जणू मला ती विकत घ्यायची होती. "नवी वस्तू हाय, भाऊ. आधी रुलवाची, मंग वापराची. घाई कुनाला हाय?"

घाई मला होती. मला भूक लागली होती आणि पाहुण्याचं जेवण झाल्याशिवाय पानावर बसायची आमच्यात पद्धत नाही.

रुळवणं हा काथोडदादांचा धर्म आहे. नवी चप्पल घेतली की ती पहिल्या दिवशी घरापासून जिन्यापर्यंत. मग काढायची, पुसायची. दुसऱ्या दिवशी जिन्यापासून फाटकापर्यंत. नव्या कुकरमध्ये आधी नुसतं पाणी, एक शिट्टी, पुसला. मग मूठभर तांदूळ, एक शिट्टी, पुसला. गुलाबवहिनींनी, म्हणजे त्यांच्या बायकोनं, त्या पंधरवड्यात आमच्याच कुकरमध्ये वरणभात लावला. मी नवी स्कूटर घेतली तेव्हा दादा पार्किंगमध्ये उभेच होते. मला फाटकाबाहेर जाऊन परत यायला लावलं, इंजिनाला हात लावून पाहिला, फडकं मारलं आणि "आजच्यापुरती बास" म्हणाले. त्या दिवशी मी कामावर रिक्षानं गेलो. नवीकोरी स्कूटर खाली उभी, आणि मी रिक्षात.

तुम्ही विचाराल, ऐकायचं कशाला? त्याचं उत्तर माझ्या स्वभावात आहे. मी अपराधी माणूस आहे. रिक्षात कुणाचा पाय माझ्या पायावर पडला तरी माफी मी मागतो. आणि काथोडदादांच्या बाबतीत तर माझ्याकडे सबळ कारण आहे. बेलवलीतली आमची इमारत त्यांच्या वडिलोपार्जित भातशेतीवर उभी आहे. त्या बदल्यात त्यांना पहिल्या मजल्यावर घर मिळालं, नि मी त्यांच्या समोरचं घर गेल्या दिवाळीनंतर विकत घेतलं. सामान लावत होतो तेव्हा दादा आत आले, स्वयंपाकघरात उभे राहिले आणि शेगडीकडे बोट दाखवून म्हणाले, "हितं खाली आमचा सगल्यात चांगला भात व्हायचा." बोलण्यात राग नव्हता. गावातली जुनी आठवण सांगावी तसं सांगितलं. पण तेव्हापासून कुकरची शिट्टी झाली की मला कसंतरीच होतं. अशा माणसाला नाही कसं म्हणणार?

त्यांची उरलेली शेती बदलापूरच्या बाहेर, बारवीच्या रस्त्याला, डोंगराच्या पायथ्याशी आहे. ओढ्याच्या अलीकडचं एकच मोठं शेत. डोंगरातली रानडुकरं ओढा ओलांडून येतात आणि एका रात्रीत भात असं लोळवतात की सकाळी तिथं कुणी लग्नाचा मांडव मोडल्यासारखं दिसतं. म्हणून दादांकडे पीक राखायच्या परवान्याची एकनळी बारा बोअरची बंदूक. मारायला नव्हे, हवेत बार काढून पळवून लावायला. जुनी बंदूक आतून गंजली, म्हणून गेल्या वर्षी भात पिकायच्या सुमारास त्यांनी नवी घेतली. ती अजून रुळते आहे.

तुम्ही बरोबर वाचलंत. वर्ष होत आलं. बंदूक अजून रुळते आहे.

हे शास्त्र त्यांना भाच्याच्या मोबाइलवर मिळालं. कुणीतरी गोरा माणूस नव्या बंदुकीतून एक गोळी झाडतो, नळी पुसतो, एक झाडतो, पुसतो. तो काय बोलतो हे दादांना कळलं नाही आणि भाच्यानं नीट ऐकलं नाही. पण पुसणं दोघांनी पाहिलं. "येवढा मोटा मानूस, येवढी मोटी गाडी मागं उभी, तो काय येडा हाय काय?" हा त्यांचा पुरावा.

दर दोन-चार दिवसांनी संध्याकाळी मी कामावरून आलो की दादा गवसणीत घातलेली बंदूक घेऊन पार्किंगमध्ये उभे असत. त्यांचा मुलगा निलेश अंबरनाथच्या एमआयडीसीत कामाला आहे. त्याच्याकडे मोटरसायकल आहे. पण त्यानं पूर्वीच हात जोडले होते. राहिलो मी. बंदूक माझ्या पाठीला लागून, दादा तिच्या मागे, आणि स्कूटर अशी सावकाश, की सायकलवाले वळून बघत. एकदा नाक्यावर हवालदारानं थांबवलं. दादांनी परवाना दाखवला, आणि मग त्या बिचाऱ्याचे नवे बूट पाहून त्याला बुटांवरही चार गोष्टी सांगितल्या. हवालदार आम्हाला जायला सांगत होता आणि आम्हीच जात नव्हतो.

शेतावर गेलं की विधी सुरू. माळ्यावर, म्हणजे चार बांबूंवरच्या त्या राखणीच्या मचाणावर, दादा चढून बसत. एक काडतूस घालत. हवेत बार. मग बंदूक उघडून नळी आभाळाकडे धरत आणि एक डोळा मिटून आरपार बघत. पितळी गज घेत, त्याला वहिनींच्या जुन्या लुगड्याच्या फडक्याचा तुकडा गुंडाळत. फडकं लुगड्याचंच हवं, आणि तेही धुऊन धुऊन जीर्ण झालेलं. नळीतून एकदा, दोनदा, फडकं पांढरं निघेपर्यंत. मग शिवणाच्या मशीनचं तेल. मग कोरडं फडकं.

"दादा, अजून एक बार काढा की. डुकरं याच वेळेला येतात."

"पुसल्याशिवाय दुसरा बार नाय."

"आता पुसली ना?"

"आता नली थंड होऊ दे. बोलू नको. थंड होताना नली आवाज करते, तो आयकाचा."

आणि मग ते गप्प बसत. खूप वेळ. मला डास चावत, पण मारायची सोय नव्हती, आवाज होतो म्हणून. दादा बंदूक मांडीवर आडवी ठेवून, मान तिरकी करून, चांगला कान पुढे काढून ऐकत. एक गोष्ट मला तेव्हाही खटकली होती. कान बंदुकीकडे नसायचा. ओढ्याकडे असायचा. पण ज्या माणसानं कवळी रुळवली त्याच्या कानाची दिशा कुठे तपासत बसायची?

अंधार पडला की दादा म्हणत, "चल." आम्ही निघायचो. आणि आमची स्कूटर रस्त्याला लागली की डुकरं उतरायची. त्यांना सगळं पाठ झालं होतं. एक बार झाला म्हणजे आता म्हातारा पुसत बसणार. आमचा बार ही त्यांची मधल्या सुट्टीची घंटा होती.

मध्येच निवडणूक आली. निवडणुकीत परवान्याच्या बंदुका पोलीस ठाण्यात जमा कराव्या लागतात. मला सुटल्यासारखं वाटलं, हे कबूल करतो. बंदूक परत मिळाली तेव्हा दादांनी नळीचा वास घेतला आणि दुःखानं मान हलवली.

"इसरली."

"काय विसरली?"

"नली. येवढं दिस बंद रायली. सगला इसरली. आता पैल्यापासून."

मी देवाला हात जोडले आणि स्कूटर काढली.

ब्रशाचं प्रकरण त्याच सुमाराचं. मी उल्हासनगरला कॅम्प चारमध्ये बॅगांच्या चेनी करणाऱ्या एका कारखान्यात हिशेब बघतो. आमच्या गल्लीत गोपसेठचं लेथचं वर्कशॉप आहे. काहीही बनवून देतो. दादांना नळीत घालायला पितळी तारेचा गोल ब्रश हवा होता. मी माप नेलं. गोपसेठनं ते बघितलं, माझ्याकडे बघितलं.

"साईं, ये किसका दाँत घिसेगा? हाथी का?"

मी हसलो. त्याला काय माहीत, आमच्याकडे दातांचाही विषय झालेला होता. त्यानं ब्रश सुरेख करून दिला. मी तो उत्साहानं दादांच्या हातात ठेवला. त्यांनी अंगठ्यानं तारा चाचपल्या.

"चांगला हाय. पन नवा हाय."

पुढचे काही दिवस तो ब्रश गच्चीवरच्या एका तुटक्या पाइपात आत-बाहेर होत होता. बंदूक रुळवायचा ब्रश रुळवला जात होता. खालच्या मजल्यावरचे लोक मला विचारत, वर कसलं खरखर चाललंय? आणि मी, ज्याचा काही संबंध नव्हता तो, त्यांची माफी मागत होतो.

यंदा भात झकास आलं. लोंब्या वाकल्या. आणि एका सकाळी जिन्यातच निलेशचा आवाज चढला.

"बाबा, शेवटचं सांगतो. यंदा भात घरात आलं तर पुढच्या वर्षी लावा, मी आड येणार नाही. डुकरांनी खाल्लं तर जमीन मागणाऱ्या त्या फार्महाउसवाल्याला मी हो म्हणतो. डुकरं पोसायला शेती करायची काय आपण?"

"नली रुलली का डुकरां कशी येतील?"

"कधी रुलंल? मी रिटायर झाल्यावर?"

दादांनी माझ्याकडे बघितलं. मी नुकता दूध घेऊन वर येत होतो. "भाऊला इचार. भाऊ रोज बघतो."

निलेशनंही माझ्याकडे बघितलं. "काका, तुम्ही तरी सांगा ना यांना. शिकलेले आहात."

मी दुधाची पिशवी या हातातून त्या हातात घेतली. गेल्या दोनच दिवसांत भाताचा एक कोपरा डुकरांनी उलटा केला होता. उरलेलं वाचलं तर ही जमीन राहणार, नाहीतर जाणार. माझ्या स्वयंपाकघराखालचं एक शेत आधीच गेलं होतं. दुसरं माझ्या डोळ्यांदेखत जायला नको, असं मला फार तीव्रतेनं वाटलं. शिवाय, खरं सांगायचं तर, मला जिंकायचंही होतं. वर्षभर डास चावून घेतलेल्या माणसाला एकदा तरी कुणीतरी म्हणावं असं वाटतं, की बाबा, तुझंच बरोबर होतं.

अंबरनाथला माझ्या मेव्हण्याच्या सोसायटीत कर्णिकसाहेब म्हणून निवृत्त गृहस्थ राहतात. सगळी नोकरी सरकारी शस्त्रकारखान्यात बंदुकांच्या नळ्या तपासण्यात गेली. मी दादांना म्हटलं, "आपण तज्ज्ञाला दाखवू. ते म्हणाले रुळवायची, तर मी मरेपर्यंत तुम्हाला शेतावर नेईन. नाही म्हणाले, तर ऐकायचं." दादा आनंदानं तयार झाले. परीक्षेला हुशार मुलाला न्यावं तशी त्यांनी बंदूक तेल लावून, पुसून, गवसणीत घालून घेतली.

कर्णिकसाहेबांनी चष्मा कपाळावर चढवला. नळीतून खिडकीकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं.

"सुंदर ठेवलीय," ते म्हणाले. दादांनी माझ्याकडे पाहिलं. माझं तोंड उतरलं.

"पण रुळवायची म्हणताय, ते काही कळलं नाही."

दादांनी गोऱ्याचा व्हिडिओ सांगितला. साहेब हसले.

"अहो, ती रायफल असेल. तिच्या नळीत आतून पेच कोरलेले असतात. नवे असताना ते जरा खरखरीत असतात, म्हणून काही लोक एक गोळी, एक पुसणं असं करतात. त्यावरही भांडणं आहेत. कुणी म्हणतं फायदा होतो, कुणी म्हणतं गोळ्या फुकट जातात. मी इतकी वर्षं नळ्या बघितल्या, मलाही छातीठोक सांगता येणार नाही. पण ही बारा बोअर. आतून काचेसारखी गुळगुळीत. हिच्यातून छर्रे जातात. आणि तुम्ही तर हवेत बार काढता. हिच्यात रुळायचंय काय? पहिल्या दिवशी दुकानातलं ग्रीस पुसलंत की झालं. मग वापरायची, आणि घरी येऊन पुसायची."

वर्षभराच्या डासांचा सूड पूर्ण झाला होता. मी दादांकडे वळलो. वाटलं होतं ते भांडतील, "सायबाला काय ठावं" म्हणतील. ते भांडले नाहीत. गुडघ्यांवर हात ठेवून बसले होते.

"म्हंजी पैल्या दिसाला पन गरज नव्हती?"

"नव्हती."

"पैला बार झाला, आनि लगेच दुसरा काढला असता, न पुसता... तरी नलीला काय झाला नसता?"

"काही म्हणजे काही झालं नसतं."

 कर्णिकसाहेबांच्या पत्नीनं नव्या कपांत चहा आणला. दादांनी कप उचलला आणि तसाच प्यायले. पुसला नाही. 

परतीच्या वाटेवर बेलवलीला वळायच्या जागी त्यांनी माझ्या पाठीवर थाप मारली. "पुढं घे. वाडीवर. चांगोकडं."

चांगो त्यांचा चुलतभाऊ. एकाच वयाचे. ओढ्यापलीकडचं शेत चांगोचं, हे मला माहीत होतं, कारण यंदा ते पडीक होतं आणि त्यातल्या उंच गवतात डुकरं दिवसाही दबा धरून बसत. त्या शेताचं नाव काढलं की दादा विषय बदलत, हेही माहीत होतं. बाकी काही नाही.

चांगो अंगणात सुपारी कातरत बसला होता. त्यानं आम्हाला पाहिलं आणि कातरत राहिला. बसा म्हणाला नाही. अंगणाच्या कडेला तेलाचा एक मोठा पत्र्याचा डबा होता, त्यात माती भरून मिरचीचं रोप लावलेलं. दादांची नजर त्या डब्यावर गेली आणि तिथंच राहिली.

"चांगो. अंबरनाथच्या सायबाला दाखवली. गरज नव्हती बोल्ला." दादा उभ्या उभ्याच बोलले. "रुलवाची काय गरजच नव्हती. तू बोल्ला होतास तसाच."

अडकित्त्याचा आवाज चालू राहिला.

"येवढाच सांगाला आयलो."

 परत येताना मी आरशात बघत होतो, दादा मागे आहेत ना म्हणून. घरी आल्यावर ते आत जाऊन भिंतीकडे तोंड करून झोपले. आणि गुलाबवहिनींनी दारातच, हळू आवाजात, मला सगळं सांगितलं.

दोन्ही शेतं हे दोघं भाऊ मिळून राखायचे. चांगोचं शेत डोंगराच्या बाजूला, म्हणून डुकरं आधी त्याच्याकडे उतरत. तो माळ्यावर बसून कान देई आणि डुकरं आली की डबा वाजवी. डब्याला आता डुकरं भीत नाहीत. पण डबा वाजला की ओढ्याच्या अलीकडून काथोडदादा बार काढत, आणि मग डुकरं मागे फिरून डोंगर गाठत. एकाचा डबा, दुसऱ्याची बंदूक. डब्याला बार द्यायचाच, हा त्यांचा नियम. लग्नाच्या आधीपासूनचा.

गेल्या वर्षी, नवी बंदूक पहिल्यांदाच शेतावर नेली त्या संध्याकाळी, चांगो 'काय गरज?' म्हणत असताना दादांनी आल्या आल्या रुळवायचा पहिला बार काढला. मग पुसायला बसले. आणि फडकं नळीत अडकलं. तेवढ्यात पलीकडे डबा वाजला. दादा गज ओढत होते, डबा वाजत होता. चांगो हाका मारत होता, डबा वाजत होता. फडकं निघालं तोपर्यंत डबा थांबला होता. चांगोचं सगळं भात गेलं.

"दुसऱ्या दिशी चांगोभावजी हितं दारात आला," वहिनी म्हणाल्या. "शिवी नाय, काय नाय. येवढाच बोल्ला, 'झाली का पुसून?' आनि गेला. मंग यंदा त्यानं शेत लावलाच नाय."

"आणि दादा?"

"ह्यो आधी असा नव्हता, भाऊजी. नवी चप्पल पायात घालून सरल शेतात जायचा. ह्यो रुलवाचा येड गेल्या दिवालीपासना." त्या थांबल्या. "रुलवाला लागतोच, असा त्याला जगाला दाखवाचा होता. नाय लागत तर मंग चांगोचा भात कशापायी गेला?"

मी घरी आलो. बायकोनं विचारलं, काय म्हणाले तज्ज्ञ? मी म्हटलं, माझंच बरोबर होतं. आणि मला जेवण गेलं नाही.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मीच दादांच्या दारावर थाप मारली. "चला, शेतावर." कापणी तोंडावर आली होती. ते उठले, बंदूक घेतली. माळ्यावर चढले, काडतूस घातलं आणि नुसतेच बसले.

"दादा, बार?"

"कदी काढाचा ते डबा सांगायचा," ते म्हणाले. "मना हितनं काय दिसतंय? डुकरां भातात घुसल्यावर कलतंय."

आम्ही बसून राहिलो. त्यांचा कान ओढ्याकडे होता, नेहमीसारखाच. आता मला माहीत होतं, थंड होणाऱ्या नळीचा कुठला आवाज ते वर्षभर ऐकत होते. त्या दिवशी काही ऐकू आलं नाही. त्याच्या दुसऱ्या दिवशीही नाही. भाताचा आणखी एक तुकडा गेला. निलेशनं सकाळी जिन्यात माझ्याशी बोलायचं टाळलं. तिसऱ्या दिवशी जावं की न जावं असं मला झालं होतं, पण दादा पार्किंगमध्ये उभे होते.

तिन्हीसांज झाली. गवताचे शेंडे तेवढे दिसत होते. मी डास मारायला हात उचलला आणि दादांनी माझं मनगट धरलं.

ओढ्यापलीकडून आवाज आला. पत्र्याचा. धप्, धप्, धप्.

दादा उठून उभे राहिले, माळा हलला. हवेत बार निघाला. पलीकडच्या गवतात एकच खळबळ झाली, फांद्या मोडल्याचा आवाज, घुरघुर, आणि मग पुन्हा शांत. डुकरं थांबली होती. पळाली नव्हती. त्यांना ठाऊक होतं, एक बार झाला म्हणजे आता म्हातारा पुसणार.

आणि म्हाताऱ्याचा हात खरोखरच गजाकडे गेला. सवयीनं. लुगड्याचं फडकं बोटांत आलं सुद्धा.

धप् धप् धप् धप्. पलीकडून डबा आता चिडून वाजत होता.

दादांनी हातातल्या फडक्याकडे पाहिलं आणि ते खाली भातात भिरकावून दिलं. काडतूस घातलं. दुसरा बार. पुन्हा काडतूस. तिसरा. मला कानठळ्या बसल्या. गवतातून वर, डोंगराकडे, दगड घरंगळल्याचा आवाज लांब लांब जात राहिला.

मग पलीकडून, अंधारातून, भसाड्या आवाजात हाक आली.

"झाली काय रं पुसून?"

"नाय पुसली!" दादा ओरडले. आवाज चिरकला. कवळी सुटता सुटता त्यांनी अंगठ्यानं आत दाबली. "नाय पुसली रं! तशीच मारली!"

 मग पडीक गवतात एक बॅटरी लागली आणि आमच्या दिशेनं हलत हलत येऊ लागली. तेव्हा कुठे माझ्या डोक्यात आलं, की त्या शेतात यंदा राखायला काहीच नव्हतं.

दादा खाली बसले. बंदुकीच्या नळीतून धूर येत होता. त्यांनी ती तशीच बाजूला ठेवली.

"डब्यातली माती सगली नाय काढली येड्यानं," ते म्हणाले. "आवाज बग कसा बद बद येतो. भाऊ, उद्या येताना त्याला नवा डबा आन."

"आणतो," मी म्हटलं. आणि वर्षभराची सवय, तोंडातून निघून गेलं, "आधी रुळवायला लागेल ना?"

त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, की शिकलेल्या माणसाच्या अकलेबद्दलची त्यांची शेवटची आशा संपली.

"डबा हाय तो," ते म्हणाले. "वाजवाचा."